लाकडी रूपाची पोर्सिलेन फरशी बसवताना
कोल्हापूरच्या पावसात गच्चीवरचे खरे लाकूड फुगते. पोर्सिलेन फरशी मात्र ०.५ टक्क्याहून अधिक पाणी शोषत नाही, म्हणून लाकडाचे रूप हवे असल्यास हीच घ्यावी. बाहेर खरबरीत, आर-११ दर्जाचीच (पाय न घसरण्याचे माप) निवडावी आणि दर मीटरला किमान १ सेंटिमीटर उतार द्यावा. घरात साधी मॅट पुरते.

लांब पट्ट्या भट्टीत किंचित वाकतात. दुकानातच दोन पट्ट्यांच्या वरच्या बाजू समोरासमोर टेकवून पाहाव्यात, टोकांशी फट दिसते; अशा पट्ट्यांचा सांधा विटांसारखा निम्म्यावर घेतल्यास कड वर राहून अनवाणी पायाला ठेच लागते, म्हणून तो एक तृतीयांशावरच घ्यावा, हे गवंड्याला आधीच बजावावे. चिकटवण्यासाठी टाइल अ‍ॅडेसिव्हच वापरावे.