सेटिंग्ज कोडमधून बाहेर कशा काढाव्यात

डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, टाइमआउट हे सगळं थेट कोडमध्ये लिहिलं की पहिल्या दिवशी काम झटपट होतं. पुढे टेस्ट सर्व्हर आणि प्रॉडक्शन वेगळे झाले की दर वेळी एक ओळ बदला आणि पुन्हा बिल्ड करा, हे सुरू होतं.

पहिली पायरी: बाहेर काय काढायचं ते ठरवा. २०११ च्या सुमारास हेरोकू या ॲप होस्टिंग कंपनीच्या मंडळींनी मांडलेल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर’ तत्त्वांत याची सोपी कसोटी आहे. तुमचा कोड या क्षणी जगजाहीर केला, तर एखादा पासवर्ड उघडा पडेल का? पडत असेल तर तो आधी बाहेर काढा. तसंच, सर्व्हरगणिक बदलणारं सगळं बाहेर. जे कुठेच बदलत नाही ते कोडमध्येच राहू द्या. उगाच शंभर सेटिंग्ज करून ठेवल्या तर सांभाळायच्या कोणी?

दुसरी: काढलेल्या व्हॅल्यू एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा, म्हणजे ॲप सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्या हाती देते त्या नावांमध्ये. नावात एकक घाला. नुसतं ‘मेल टाइमआउट’ असेल तर ३० म्हणजे सेकंद की मिलिसेकंद, हे कोणालाच कळत नाही. स्वतःच्या मशीनवर ही व्हेरिएबल्स लिहिलेली डॉट-एनव्ही (.env) फाइल सोयीची पडते, पण ती गिटइग्नोअरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत टाका. चुकून कमिट झाली असेल तर नुसती डिलीट करून भागत नाही, कारण ती जुन्या कमिटमध्ये तशीच असते. पासवर्डच बदला.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. ॲप सुरू होतानाच सगळ्या व्हॅल्यू एका जागी वाचा, प्रकार बदला, तपासा. एन्व्हायर्नमेंटमधून येतं ते निव्वळ अक्षरांच्या रूपात. पायथनमध्ये ‘फॉल्स’ हा शब्द बूल फंक्शनला दिला की उत्तर ‘ट्रू’ येतं, कारण रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग त्याच्या लेखी खरीच! तेव्हा शब्द स्वतः तपासून पाहा.

व्हॅल्यू सापडली नाही तर ॲपने तिथेच थांबावं. मी एकदा डेटाबेसच्या पत्त्याला ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे ॲप चालतंय तेच मशीन) असा डीफॉल्ट देऊन ठेवला होता. सर्व्हरवर व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर चुकलं, तरी ॲप निमूट सुरू झालं आणि तिथल्याच एका रिकाम्या डेटाबेसशी बोलत बसलं. अर्धा दिवस आम्ही ‘डेटा गेला कुठे’ म्हणून शोधत होतो. डीफॉल्ट द्यायचाच तर लॉग लेव्हलसारख्या (लॉगमध्ये किती तपशील छापायचा) निरुपद्रवी गोष्टींना द्या.

मग वाचलेल्या व्हॅल्यू कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे ऑब्जेक्ट बनवतानाच, क्लासला द्या. मेल पाठवणाऱ्या क्लासला पोर्ट कुठून आला याच्याशी देणंघेणं नसावं. टेस्टमध्ये हवा तो पोर्ट हातानेच देता येतो. जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये फील्डवर ‘व्हॅल्यू’ ॲनोटेशन लावून तीच फील्ड कन्स्ट्रक्टरमध्ये वापरायला गेलात तर नल (रिकामी व्हॅल्यू) हाती येतो, कारण ती भरली जाते नंतर. ॲनोटेशन कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरवर लावा.

बदललेली व्हॅल्यू लागू होत नसेल तर ती दुसरीकडूनही येतेय का ते बघा. स्प्रिंग बूटमध्ये प्रॉपर्टीज फाइलवर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मात करतं आणि त्याच्यावर कमांड लाइनवर दिलेली व्हॅल्यू. सुरुवातीलाच सगळ्या सेटिंग्ज लॉगमध्ये छापा, पासवर्ड मात्र झाकून. आणि ॲप रीस्टार्ट केलंत ना? चालू प्रोसेसला बाहेर बदललेलं व्हेरिएबल दिसत नाही.