स्ट्रिंग क्वार्टेट सुरात कसं आणायचं
दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. चौघांनी आपापल्या तारा अगदी शुद्ध पंचमात लावल्या, तरी सी मेजरच्या (म्हणजे सी हा सा धरून) पहिल्याच कॉर्डला, एकत्र वाजणाऱ्या स्वरांना, सूर फाटतो. दोष कानाचा नसतो, गणिताचा असतो. चेलोच्या सी तारेपासून जी, डी, ए, ई (ही पाश्चात्य स्वरांची नावं) असे चार शुद्ध पंचम चढत गेलं की व्हायोलिनची ई शुद्ध गांधारापेक्षा सुमारे 22 सेंट (सेंट म्हणजे पियानोवरच्या अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढी निघते. तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा गांधार ज्याच्या कानात बसलाय, त्याला हे लगेच टोचतं.

म्हणून पंचम किंचित आवळायचे. ए 440 हर्ट्झचा की 442 चा हे आधी ठरवा. चेलोने ए द्यावा, बाकीच्यांनी एकेक करून जुळवावा. तेवढा वेळ इतरांनी खरंच गप्प बसावं. ए तसाच ठेवून डी केसभर चढवा, जी त्याहून थोडी जास्त, सी आणखी थोडी. ई मात्र केसभर उतरवा. व्हायोलिनवर ए आणि डी एकत्र वाजवल्यावर सेकंदाला साधारण एक हेलकावा (आवाजाचा चढउतार) ऐकू आला की पुरे. शेवटी व्हायोला आणि चेलोच्या सी एकमेकींशी ताडून पाहा. गज हलका आणि एकसारखा ठेवा. दाबून वाजवलं की सूर हलतो आणि चुकीचा सूर जुळवला जातो.

एवढं करूनही सी मेजरमध्ये मोकळी ई सुमारे 14 सेंट चढीच राहते. तिथे ए तारेवर चौथं बोट वापरा.

तालमीत अवघड कॉर्ड व्हायब्रेटोशिवाय (बोट न थरथरवता), खालून वर रचा: आधी मूळ स्वर, मग तोच वरच्या सप्तकातला, मग त्याचा पंचम, त्याचा गांधार सगळ्यात शेवटी. गांधार कुणाकडे आहे ते प्रत्येकाने आपल्या पानावर पेन्सिलीने लिहावं. उतरायचं त्यानेच, इतरांनी जागा सोडायची नाही. गल्लत इथे होते: जी मेजरच्या चालीत जीकडे धावणारा एफ शार्प चढा गोड लागतो, पण तोच डी मेजर कॉर्डमध्ये, जिथे तो गांधार असतो, लांबला की बोचतो. सरावाला हायडनच्या ओपस 76 क्रमांक 3 ची दुसरी मूव्हमेंट उत्तम. तिथे मूळ चाल आळीपाळीने चौघांकडेही येते.

पियानो सोबत असेल तर त्याचा गांधार हलत नाही. तेव्हा फक्त ए घेऊन थांबू नका, डी, जी आणि सीसुद्धा पियानोवरूनच घ्या.