नवऱ्याच्या सोशल सिक्युरिटीतला माझा निम्मा वाटा

न्यू जर्सीत आमची तीस वर्षं गेली. मी नोकरी केली ती सातच वर्षं, म्हणजे सोशल सिक्युरिटीच्या, अमेरिकेच्या सरकारी पेन्शनच्या, हिशेबात २८ क्रेडिट (नोकरीच्या वर्षाला चार गुण). स्वतःच्या पेन्शनला ४० लागतात. तरीही नवऱ्याच्या नोकरीच्या नोंदीवर मला त्यांच्या रकमेच्या निम्मं मिळतं हे कळलं, आणि ६२ पूर्ण होताच मी अर्जाला लागले.

अर्ज अडला. नवऱ्याने स्वतःचं पेन्शन सुरू केल्याशिवाय बायकोचं सुरू होतच नाही! आणि हे तर ७० पर्यंत थांबणार होते.

मग आम्ही वही घेऊन बसलो. त्यांची पूर्ण वयाची, म्हणजे विनाकपात पेन्शन मिळतं त्या वयाची, महिन्याची रक्कम २८०० डॉलर धरली. माझा जन्म १९६०चा, पूर्ण वय ६७. तेव्हा घेतलं तर १४००. ६२ला घेतलं असतं तर निम्म्याऐवजी २८०० च्या साडेबत्तीस टक्के, म्हणजे ९१०, आणि ही कपात कायमची. ते थांबले की त्यांची रक्कम वाढते, पण माझा निम्मा वाटा मूळ २८०० वरच मोजला जातो. विधवेला मिळणारी रक्कम मात्र त्या थांबण्याने वाढते. म्हणून मधला मार्ग काढला: मी ६७ची झाले की दोघांनी अर्ज करायचा. ते तेव्हा ६९चे असतील.

दुसरी अडचण लग्नाच्या पुराव्याची. १९८४ साली साताऱ्यात लग्न झालं, नोंदणी कोण करत होतं तेव्हा? भावाच्या मदतीने, जुनी पत्रिका आणि साक्षीदार घेऊन ती उशिरा करून घेतली. मैत्रिणींनो, हे काम माहेरची जाणती माणसं आहेत तोवर उरका.