'काहीतरी चांगलं द्या': देवघेव काउंटरवर नव्याने बसणाऱ्यांसाठी

सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेव विभागात रुजू झालं की पहिल्याच आठवड्यात एक वाक्य सतत कानावर येतं: "काहीतरी चांगलं द्या हो." त्यावर हमखास होणारी चूक म्हणजे आपल्याला आवडलेलं पुस्तक काढून देणं. वाचक भिडेखातर नेतो, आठ दिवसांनी न वाचता आणून टाकतो आणि पुन्हा कधी विचारत नाही. ग्रंथपालन प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथनांची 1931ची पाच सूत्रं सगळेच पाठ करतात. त्यातली दोन: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. काउंटरवर कळतं की यात ग्रंथपालाच्या आवडीचा उल्लेखच नाही.

"तुम्हाला काय आवडतं?" हा प्रश्न टाळा. उत्तर ठरलेलं असतं, "काहीही चालेल." त्याऐवजी परत आलेलं पुस्तक हातात घेऊन विचारा, "पूर्ण झालं का?" ("आवडलं का?" विचारलं की लोक सभ्यपणे हो म्हणतात.) नाही म्हणाले तर कुठे सोडलं तेवढं विचारा. पन्नासाव्या पानाआधी सोडलं असेल तर बहुतेक वेळा भाषा किंवा टाईप आड आलेला असतो. निम्म्यावर सोडलं असेल तर विषय. आवडलेल्या पुस्तकापेक्षा अर्धवट सोडलेलं पुस्तक वाचकाबद्दल जास्त सांगून जातं.

"असंच आणखी एक" या मागणीत नवखे सगळ्यात जास्त फसतात. समजा कुणी म्हणालं, "'मृत्युंजय'सारखं द्या." नवा माणूस थेट महाभारताच्या कप्प्याकडे जातो. पण शिवाजी सावंतांच्या या 1967च्या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण आपापल्या तोंडून गोष्ट सांगतात. तेव्हा समोरच्याला त्यातलं नेमकं काय हवंय? कर्ण हवा असेल तर रणजित देसाईंचं 'राधेय' देता येतं. एकच घटना अनेकांच्या नजरेतून पाहण्याची मजा हवी असेल तर महाभारत सोडून तशा रचनेची दुसरी कादंबरी चालेल. अन्याय झालेला नायक हवा असेल तर एखादं आत्मकथनही लागू पडतं. काहींना फक्त भारदस्त भाषा हवी असते, आणि काहींना महिनाभर पुरेल असं जाडजूड पुस्तक. इथे इरावती कर्वे यांचं 'युगांत' देण्याचा मोह होतो, कारण विषय तोच. पण ते लेखांचं पुस्तक आहे, आणि त्यातली माणसं देव्हाऱ्यातून खाली उतरवलेली आहेत. कर्णावर जीव लावून आलेला वाचक ते घेऊन गेला तर रागावून परत येतो. एकच प्रश्न पुरतो: "त्यात कशाने धरून ठेवलं?" उत्तराला वेळ लागला तर लागू द्या, मधे पुस्तकांची नावं सुचवू नका.

एका वेळी तीन पुस्तकं समोर ठेवा. एक दिलं तर नाकारायला संकोच वाटतो, दहा दिली तर माणूस गोंधळतो. तिनातलं एक मागणीच्या अगदी जवळचं, एक थोडं बाजूचं आणि एक दीडशे पानांच्या आतलं. ठेवा आणि दुसऱ्या कामाला लागा. समोर टक लावून उभं राहिलं की वाचक घाईत उचलतो.

पुस्तक काउंटरवरून जाण्याआधी चाळून घ्या. पुस्तक फर्म्यांनी, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या जुडग्यांनी, बांधलेलं असतं, त्यामुळे जुन्या प्रतीत पान निखळलं की आठ किंवा सोळा पानं एकदम गायब असू शकतात. रहस्यकथेची शेवटची पानं आवर्जून तपासा. खंड असतील तर पहिला खंड जागेवर आहे का ते आधी पाहा. दुसऱ्याच खंडाची शिफारस करून फजिती होते. वयस्क वाचकाला देताना टाईप किती बारीक आहे आणि कापडी बांधणीचं वजन किती, हे दोन्ही बघायचं. पडून वाचणाऱ्याला सहाशे पानांचं पुठ्ठाबांधणी पुस्तक पेलत नाही. साहित्य कितीही थोर असो, ते छातीवर पडतं.

न वाचलेल्या पुस्तकाचीही शिफारस करावी लागते, त्यात लाज नाही. पंधरा मिनिटं काढा: मलपृष्ठ, प्रस्तावना, अनुक्रमणिका, पहिली दहा पानं, मधलं कुठलंही एक पान. मग शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी वाचा. शिक्के सलग असतील तर पुस्तक तोंडोतोंडी चालतंय. दर वर्षी जूनमध्येच शिक्का दिसला तर ते अभ्यासक्रमाला असावं, आणि करमणुकीसाठी मागणाऱ्याला देण्याआधी विचार करा. संगणकीय देवघेव सुरू झाल्यावर अनेक ठिकाणी ही चिठ्ठी बंद पडली. तिथे हीच माहिती प्रतीच्या देवघेव नोंदीत मिळते, फक्त पाहायची सवय लावावी लागते. वाचलेलं नसेल तर तसं स्पष्ट सांगा. खोटं दुसऱ्या भेटीत उघडं पडतं.

आता 'आमची निवड' या कप्प्याबद्दल, म्हणजे आपण सुचवलेली पुस्तकं चिठ्ठीसह मांडण्याच्या जागेबद्दल. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला आणि 27 फेब्रुवारीला असे कप्पे उत्साहाने मांडले जातात आणि पुढे चार महिने धूळ खातात. बारा महिने चालवायचा असेल तर हिशोब असा. पुस्तकं कणा दाखवून न ठेवता मुखपृष्ठ दिसेल अशी ठेवायची. डेमी आकाराच्या पुस्तकाची रुंदी साडेपाच इंच, म्हणजे तीन फुटी फळीवर सहा मावतात. चार फळ्यांना चोवीस. यातली रोज चार-पाच जाणार, म्हणून दहा-बारा पुस्तकं मागे तयार हवीत. रिकामी फळी दिसली की वाचक त्या कोपऱ्याकडे वळणं सोडतो. भरणी सकाळी उघडण्यापूर्वी करायची, संध्याकाळी गर्दीत जमत नाही.

पुस्तक मूळ जागेवरून हललं की दोन कामं लगेच करा. संगणकात ठिकाण बदला, आणि जुन्या जागी पुठ्ठ्याची डमी लावून तिच्यावर दाखल क्रमांक (त्या प्रतीचा नोंदणी क्रमांक) लिहा. हे चुकलं तर सहकारी "आत आहे दाखवतंय, पण सापडत नाही" म्हणत तासभर शोधतो, आणि वार्षिक पडताळणीत ते पुस्तक गहाळ म्हणून लागतं. एकच प्रत असलेलं पुस्तक कप्प्यात ठेवू नये असं काही जण म्हणतात. आमच्या मते ठेवावं, फक्त ते गेल्यावर शिफारशीची चिठ्ठी तिथेच राहू द्यावी आणि तिच्यावर पेन्सिलीने लिहावं: "बाहेर आहे, काउंटरवर नाव नोंदवा."

शिफारशीची चिठ्ठी पोस्टकार्डाच्या आकाराची, मजकूर तीस ते चाळीस शब्द. कथानक सांगू नका, ते मलपृष्ठावर असतं. "अतिशय वाचनीय" आणि "संग्राह्य" हे शब्द हद्दपार करा. पहिल्या वाक्यात हे कुणासाठी आहे ते यावं, शेवटच्यात अडचण. उदाहरणार्थ: "गावाकडच्या सासुरवाशिणीची गोष्ट हवी, पण रडकी नको, त्यांच्यासाठी. संवाद वऱ्हाडी बोलीत आहेत, पहिली वीस पानं मोठ्याने वाचा, कान बसतो. प्रकरणं चार-पाच पानांची, लोकलमध्ये एका फेरीत एक होतं. एकूण 180 पानं. शेवट अर्ध्यावर सोडल्यासारखा वाटेल." अडचण आधी सांगितली की ती आल्यावर वाचक पुस्तक मिटत नाही. खाली लिहिणाऱ्याचं पहिलं नाव हवं, नुसतं 'ग्रंथपाल' लिहिलं तर कुणी येऊन वाद घालत नाही. चिठ्ठी बॉलपेनने लिहा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, जेलची शाई ओल्या हाताने पसरते. मुखपृष्ठावर सेलोटेप लावू नका. वर्षभरात ती पिवळी पडते आणि काढताना वरचा छापील थर घेऊन येते. चिठ्ठी फळीच्या कडेला लावा किंवा पुस्तकात उभी खोचा.

कप्प्यात कथा-कादंबऱ्याच भरल्या तर दोन महिन्यांत तेच ते होतं. वर्गीकरणाने चरित्रं, प्रवासवर्णनं आणि ललित लेख वेगवेगळ्या कपाटांत गेलेले असतात, आणि कादंबरी वाचणारा माणूस त्या कपाटांकडे फिरकत नाही. इथे त्यांना शेजारी बसवता येतं. दिवाळी अंक हे दुसरं दार. अंक परत करताना कुणी एखाद्या कथेबद्दल बोललं की त्याच लेखकाचा संग्रह तिथल्या तिथे द्यायचा. नोव्हेंबर ते जानेवारी ही संधी रोज मिळते.

मुलांबरोबर पालक आले की पालक बोलतात. "वाचनाची गोडी लागेल असं, बोधपर द्या." प्रश्न मुलाला विचारा, आणि खाली वाकून. कोणतंही एक पान वाचायला द्या. पाच शब्द अडले तर पुस्तक सध्या जड आहे. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला वयापेक्षा दोन इयत्ता खालचं मराठी द्यावं लागतं, पण विषय त्याच्या वयाचा हवा. सहावीतल्या मुलाला ससा-कासव दिलं तर तो अपमान समजतो, आणि बरोबरच समजतो.

कुणी काय नेलं हे दुसऱ्याला सांगू नका. "तुमच्या शेजारच्या काकूंनीही हेच नेलंय" हे वाक्य कौतुकाने येतं, पण घटस्फोट, आजारपण, कर्ज या विषयांवरची पुस्तकं नेणारा वाचक ते ऐकून सावध होतो. कुणाला काय दिलं याची टिपणवही ठेवा, पण तिच्यातही नाव नको, सभासद क्रमांक पुरे. तीन रकाने आखा: काय दिलं, किती पानं झाली, पुढे काय. 'ड' वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात लहान, ग्रंथालयात सगळी कामं एकाच माणसावर असतात, तिथे ही वही शाळेच्या पाठकोऱ्या वहीत चालते. रजेवर जाताना ती बदली माणसाच्या हातात द्या आणि शेवटची दोन पानं त्याच्याकडून वाचून घ्या.