शॉर्ट मारण्याआधी वहीत काय लिहाल

शॉर्ट मारणं म्हणजे शेअर उसना घेऊन विकायचा आणि भाव पडल्यावर स्वस्तात घेऊन परत करायचा. फंडात नवा होतो तेव्हा वाटायचं, कंपनीचा भाव फुगलाय हे कळलं की झालं. आता शॉर्ट मारण्याआधी मी वहीत एकच आकडा लिहितो: कोणत्या भावाला मी चुकलो असं मानायचं. भाव पळत असताना हे ठरवू नका. तेव्हा डोकं स्वतःचीच वकिली करतं.

मग मोकळे, म्हणजे बाजारात खरोखर विकत मिळू शकणारे शेअर मोजा. ऑक्टोबर २००८ मध्ये पोर्शने जाहीर केलं की शेअर आणि ऑप्शन (शेअरच्या भावावर बेतलेले करार) मिळून फोक्सवागनचा ७४.१ टक्के हिस्सा आपल्या हाती आहे. सुमारे २० टक्के लोअर सॅक्सनी राज्याकडे होताच. उरले किती? शॉर्टवाले शेअर परत घ्यायला धावले आणि दोन दिवसांत भाव हजार युरोंच्या वर गेला. हिशेब बरोबर असलेलेही भाजले.

उसन्या शेअरचं व्याजही बघा.

पोझिशन, म्हणजे एका सौद्यात गुंतलेली रक्कम, लहानच ठेवा. खरेदी चुकली की ती आपोआप आक्रसते, शॉर्ट चुकला की फुगतो. १०० चा शेअर १५० झाला, की फंडातली २ टक्क्यांची पोझिशन ३ च्या वर गेलेली असते. नवख्यांना हे सांगूनही पटत नाही.

आकडा आला की सौदा कापा आणि जेवायला जा. मी एकदा ‘सोमवारपर्यंत बघू’ म्हटलं होतं. सोमवारी बाजार उघडायच्या आत मार्जिनसाठी, म्हणजे आणखी तारण भरा म्हणून, ब्रोकरचा फोन आला.