वूफरची कॉइल जळू नये म्हणून ॲम्पचा गेन कसा लावावा

डिक्कीतून जळक्या वार्निशचा वास आला की बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. शिव्या वूफर (बासचा मोठा स्पीकर) बनवणाऱ्याला बसतात, पण गडबड असते ॲम्पवरच्या (ॲम्प्लिफायरवरच्या) 'गेन' नावाच्या बोटाच्या पेराएवढ्या स्क्रूत. तो उजवीकडे शेवटपर्यंत पिळला की दणका वाढतो, म्हणून लोक त्याला आवाजाचं बटण समजतात. त्याचं काम निराळं आहे. आरसीए तारेतून (स्टिरिओ आणि ॲम्पमधली सिग्नलची तार) स्टिरिओ किती व्होल्टचा सिग्नल पाठवतो, त्याच्याशी ॲम्प जुळवून घेणं एवढंच. स्टिरिओ ४ व्होल्ट देत असेल आणि गेन ०.२ व्होल्टच्या खुणेवर असेल, तर सिग्नल विसाव्या हिश्श्यापर्यंत चढतो न चढतो तोच ॲम्पची ताकद संपते.

ताकद संपली की सिग्नलच्या लाटेचा गोल माथा छाटला जातो आणि सपाट होतो. हेच क्लिपिंग. लाट पूर्ण चौकोनी झाली तर तेवढ्याच उंचीत ती दुप्पट पॉवर वाहते, म्हणजे ३०० वॅटचा ॲम्प कॉइलवर (वूफरमधल्या तारेच्या वेढ्यांवर) ६०० वॅटपर्यंत लादू शकतो. वूफरला मिळालेल्या विजेपैकी आवाज होतो अगदी थोडीचा. बाकी सगळी उष्णता. आधी कॉइलचा गोंद सुटतो, मग वेढे सैल होऊन मॅग्नेटला घासतात, शेवटी तार तुटते.

'छोटा ॲम्प वूफर जाळतो' हे मात्र अर्धसत्य आहे. १०० वॅटचा ॲम्प कितीही पिळला तरी २०० वॅटच्या पुढे फारसा जात नाही. ५०० वॅट आरएमएसचा (म्हणजे सतत पेलता येणाऱ्या पॉवरचा) वूफर त्यावर बेसूर वाजेल, जळणार नाही. जळतो तो आपल्या कुवतीएवढ्याच किंवा मोठ्या ॲम्पवर क्लिप होत तासभर वाजणारा वूफर.

आधी आकडा काढा. ॲम्पची आरएमएस पॉवर आणि वूफरची आरएमएस क्षमता, यांतला लहान आकडा घ्या. खोक्यावरचं '१५०० वॅट मॅक्स' विसरा. वूफरला ४-४ ओहमच्या दोन कॉइल असतील तर समांतर जोडल्यावर २ ओहम होतात, एकामागे एक जोडल्यावर ८. ॲम्पची २ ओहमवरची पॉवर वेगळी छापलेली असते, तीच धरा. आता वॅट गुणिले ओहम करून वर्गमूळ काढा. ३०० वॅट, २ ओहम: ६०० चं वर्गमूळ साधारण २४.५ व्होल्ट. तेच ४ ओहमवर ३४.६.

मग सगळं सपाट करा. बास बूस्ट शून्य, लाउडनेस बंद, इक्वलायझर सपाट, स्टिरिओतला सब लेव्हल शून्यावर. लो-पास फिल्टर (वरचे सूर अडवणारा) चाचणीपुरता सगळ्यात वर, सबसॉनिक (फार खालचे सूर अडवणारा) सगळ्यात खाली. डॅशबोर्डजवळ बासचा वेगळा नॉब बसवला असेल तर तो आत्ताच पूर्ण उघडा. नाहीतर आज नीट लावलेला गेन उद्या त्या नॉबने बिघडेल.

आता मोजा. वूफरच्या तारा ॲम्पपासून काढा आणि गेन शून्यावर आणा. गाडी मोकळ्या जागी उभी करून इंजिन चालू ठेवा. बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, चालू गाडीत बऱ्याचदा १४ च्या जवळ. पेन ड्राइव्हवरून ५० हर्ट्झचा शून्य डीबीचा (फाइलमधल्या कमाल पातळीचा) साइन टोन लावा. स्टिरिओचा व्हॉल्यूम पाऊणपर्यंत, म्हणजे ४० पैकी ३०. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून टोकं ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावा. टोकं एकमेकांना चिकटू देऊ नका. गेन सावकाश फिरवा आणि काढलेल्या आकड्याच्या १० टक्के खाली थांबा, म्हणजे ३०० वॅट, २ ओहमच्या उदाहरणात २२ व्होल्टवर.

२४.५ का नाही? मीटर व्होल्ट दाखवतो, छाटलेला माथा दाखवत नाही; ते ऑसिलोस्कोपचं (लाटेचं चित्र दाखवणाऱ्या यंत्राचं) काम. शिवाय वूफर जोडल्यावर बॅटरीचे व्होल्ट थोडे बसतात. १० टक्के कमी ठेवल्याने जेमतेम १ डीबी जातो. कानाला कळतही नाही.

आता टोन आणि ॲम्प बंद करून वूफर जोडा, लो-पास ८० हर्ट्झच्या आसपास आणा. पोर्टवाला (हवेसाठी भोक ठेवलेला) बॉक्स ३५ हर्ट्झला ट्यून असेल तर सबसॉनिक २८ ते ३० वर ठेवा. ट्यूनिंगच्या खाली कोनला (वूफरच्या हलणाऱ्या पडद्याला) हवेचा आधार उरत नाही आणि कॉइल मागच्या प्लेटवर आपटते. तो 'टक टक' आवाज आला की लगेच व्हॉल्यूम कमी करा. इथे वास येत नाही, वूफर थंडपणे मरतो. शेवटी गेनच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. पुढे गॅरेजमध्ये कुणी फिरवला तर लगेच दिसेल.

यापुढे स्टिरिओचा व्हॉल्यूम ३० च्या वर नेऊ नका. बास बूस्टचा मोहही टाळा: ६ डीबी म्हणजे चौपट पॉवर, जिथे ७५ वॅट पुरत होते तिथे ३००. आणि मोबाइलवर फिरणाऱ्या 'बास बूस्टेड' रीमिक्समध्ये लाट बऱ्याचदा फाइलमध्येच छाटलेली असते. त्यावर ॲम्पवरचा कोणताच स्क्रू उपाय नाही, आवाज खाली आणणं एवढंच.

तालावर हेडलाइट मंद होत असतील तर ॲम्पला करंट कमी पडतोय आणि तो लवकर क्लिप होतोय. ३०० वॅटचा क्लास डी ॲम्प पूर्ण जोरात २५ ते ३० अँपिअर ओढतो. त्याला शुद्ध तांब्याची ८ गेजची तार द्या. स्वस्त किटमधली तार पुष्कळदा वरून तांबं, आतून ॲल्युमिनियम असते. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, अर्थिंग रंग खरवडून उघड्या पत्र्यावर.

वूफरबद्दल शंका आली तर त्याच्या तारा काढून कॉइलचा ओहम मोजा. ४ ओहमची धड कॉइल साधारण ३.२ ते ३.८ दाखवते. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली. आकडा खूपच खाली असेल तर वेढे आपसांत चिकटले, आणि तसा वूफर वाजवत राहिलात तर ॲम्पही जाईल. आकडा ठीक असला तरी दोन्ही हातांनी कोन समान दाबून बघा. खरखर लागली तर कॉइल घासतेय. रिकोनिंगला (कोन-कॉइल नवी बसवायला) देताना आधीच्याच ओहमची कॉइल मागा. दुसरी बसली तर व्होल्टचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल.