पिनबॉल मशीनला बाहेरचे मॉड बसवा, पण वॉरंटी शाबूत ठेवून

गेम झोनवाल्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "भाऊ, टॉपर लावला तर वॉरंटी जाईन का?" (टॉपर म्हणजे मशीनच्या डोक्यावर बसवायची शोभेची वस्तू, आणि असल्या बाहेरून घेऊन बसवलेल्या सामानाला मॉड म्हणतात.) आणि त्यावर दोनच उत्तरं फिरत असतात. एक म्हणतो काहीच होत नाही, बिनधास्त लाव. दुसरा म्हणतो एक स्क्रू फिरवला की वॉरंटी संपली. दोन्ही फालतू. जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात पिनबॉल मशिनं मोजकीच आहेत, पण त्यांच्यावर मॉड बसवण्याचं आणि नंतर डीलरशी भांडण्याचं काम मी बरंच केलंय, म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी ते अमेरिकेतलं डोक्यातून काढा. नेटवर शोधलं की कोणीतरी मॅग्नसन-मॉस कायदा तोंडावर फेकतो, 1975 चा, कंपनीला वॉरंटी नाकारताच येत नाही म्हणे. कायदा खरा आहे, "आमचाच पार्ट वापरा नाहीतर वॉरंटी बंद" अशी अट तिथे सहसा घालता येत नाही, 2018 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने यावरून सहा कंपन्यांना इशाऱ्याची पत्रं पण धाडली होती. पण बाहेरच्या पार्टमुळेच बिघाड झाला असेल तर तिथलीही कंपनी हात वर करू शकते, हा अर्धा भाग कोणी सांगत नाही. आणि मुळात तो कायदा तिकडचा. आपला व्यवहार मशीन बनवणाऱ्या शिकागोकडच्या कारखान्याशी नसतो, ज्याने बिल फाडलं त्या डीलरशी असतो.

तर बिल आणि वॉरंटीचा कागद काढा आणि नीट वाचा. मशीन घरच्या वापरासाठी दिलंय की धंद्यासाठी, वॉरंटी फक्त पार्टची आहे की मजुरीची पण, हे बघा. रबर, बल्ब, बॉल असला घासून जाणारा माल वॉरंटीत बहुतेक नसतोच, तिथे भांडू नका.

मग तुमचा मॉड कुठल्या जातीचा ते ठरवा. आतल्या बाजूचे स्टिकर, प्लेफील्डवरचं (बॉल फिरतो त्या फळीवरचं) प्लास्टिक शीट, सिलिकॉनचे रबर, यात वायर नाही त्यामुळे टेन्शन नाही, लावा आणि विसरा. कंपनीचीच शेकर मोटर (मशीन थरथरवणारी) तिच्याच कनेक्टरवर बसत असेल तर ती पण ठीक. बोर्ड बदलणं किंवा बाहेरचं सॉफ्टवेअर टाकणं असेल तर मात्र वॉरंटी गेली असं धरूनच चाला. खरी भानगड मधल्या जातीची आहे, म्हणजे लाइटवाले टॉपर, एलईडी पट्ट्या, चमकणारी खेळणी, ज्यांना करंट लागतो.

बसवायच्या आधी डीलरला मेसेज टाका. फोन नको, लेखीच. आणि "हे लावलं तर चालेल का" असं कधीच विचारू नका, त्याला नाही म्हणायला काय जातं! असं विचारा: "अमुक टॉपर बसवतोय, करंट वेगळ्या अ‍ॅडॅप्टरवरून देणार आहे, मशीनची एकही वायर कापणार नाही. यामुळे नेमक्या कोणत्या पार्टची वॉरंटी जाईल?" आता त्याला पार्टचं नाव घ्यावं लागतं. माझ्या अनुभवात बरेच जण यावर "फक्त टॉपरमुळे बिघाड झाला तर बघणार नाही" एवढंच लिहितात, आणि तेवढंच आपल्याला पाहिजे असतं.

आता करंट. मॉड बसवण्याचं निम्मं काम इथेच आहे आणि मला पण हेच समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण मॉडसोबत येणाऱ्या कागदावर फक्त "जवळच्या लाइटला जोडा" एवढंच असतं. जोडू नका. आताच्या बऱ्याच मशिनांत, स्टर्न कंपनीच्या स्पाइक सिस्टिममध्ये तर नक्कीच, प्लेफील्डखाली छोटे छोटे नोड बोर्ड असतात आणि ते आपापल्या भागातले लाइट, स्विच, कॉईल (बॉलला धक्का देणारे विजेचे चुंबक) सांभाळतात. लाइटचं आउटपुट एकेका बारक्या एलईडीपुरतं केलेलं असतं. आपल्याकडे मिळणारी मीटरला 60 एलईडीची 12 व्होल्टची जाड पट्टी एका मीटरला 14.4 वॅट खाते, म्हणजे 1.2 अँपिअर. असला लोड त्या आउटपुटवर टाकला की कधी लगेच, कधी महिन्याभराने बोर्ड जातो, आणि वॉरंटीवाला झाकण उघडल्या उघडल्या तुमची जोडणी बघतो आणि बॅग भरतो. त्याचं चुकत पण नाही.

दुसरं म्हणजे ते निळं-लाल चिमट्यासारखं कनेक्टर, वायर न सोलता वरून दाबून बसवायचं. मला त्याचा राग आहे. ते वायरच्या आत पातं घुसवतं, मशीन दिवसभर थरथरतं, जोड ढिला होतो, आणि काढलं तरी वायरवर चावा राहतो. म्हणजे मॉड काढून ठेवला तरी पुरावा तिथेच. त्यात प्लेफील्डखाली लाइटच्या वायरीशेजारूनच कॉईलची लाइन जाते, स्पाइकमध्ये ती 48 व्होल्टची असते, चुकून ती धरली किंवा ती स्विचच्या वायरला टेकली तर एका मॉडपायी अख्खा बोर्ड बदलायची वेळ येते.

माझी पद्धत एकच. 12 व्होल्टचा चांगला वेगळा अ‍ॅडॅप्टर घ्या, मॉडच्या गरजेच्या दीडपट अँपिअरचा, आणि मशीन ज्या एक्स्टेन्शन बोर्डवर आहे त्याच बोर्डवर लावा. बोर्डचं बटण दाबलं की दोन्ही सोबत चालू, सोबत बंद. त्याची बारीक वायर मागच्या जाळीतून आत घ्या, झाला विषय, मशीनच्या वायरिंगला हातच लागला नाही. कॅबिनेटच्या आत सर्व्हिसचं सॉकेट असतं त्याचा मोह होतो, पण काही मशिनांत ते मेन स्विच बंद केला तरी चालू राहतं, आणि इम्पोर्टेड मशीनला तिथे किती व्होल्ट येतात ते मल्टिमीटरने बघितल्याशिवाय काही खुपसू नका. गेममधल्या लाइटसोबत मॉड चमकायला हवा असेल तर सिग्नल ऑप्टोकप्लरमधून (दोन सर्किटं वेगळी ठेवून उजेडाने सिग्नल पोचवणारा पार्ट) घ्या, तेही तयार प्लग लावून, आणि डीलरच्या लेखी होकारानंतरच. काम करताना मशीनची पिन सॉकेटमधून काढा, कॉईन डोअर (पुढचं नाणी टाकायचं दार) उघडलं म्हणजे कॉईलचा करंट बंद होतो यावर विसंबू नका.

आपल्याकडे मे महिन्यात व्होल्टेजचा जो नाच चालतो त्यासाठी स्टॅबिलायझर आणि पक्कं अर्थिंग लागतंच. नाहीतर बोर्ड व्होल्टेजमुळे गेला तरी नाव मॉडचं होतं.

काढलेले ओरिजिनल पार्ट पिशवीत नाव टाकून ठेवा. आधीचे-नंतरचे फोटो काढा.

बिघाड झालाच तर डीलरला फोन करायच्या आधी मॉड काढा, तोच बिघाड मॉडशिवाय येतो का ते बघा आणि व्हिडिओ काढा. हे लपवायला नाही, उलट मॉड होता हे सरळ सांगून टाका, पण "मॉड काढूनही डावा फ्लिपर मेलेलाच आहे" (फ्लिपर म्हणजे बॉल मारणारा दांडा) हे व्हिडिओत दिसलं की त्याला टॉपरवर ढकलणं जड जातं. तरी नाही म्हणाला तर कारण लेखी मागा, कोणत्या मॉडमुळे कोणता पार्ट गेला ते.

ते पण दिलं नाही तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन, मग जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंत पैसे मोजले असतील तर फी लागत नाही. एक गोम आहे, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा मालक ग्राहक धरत नाहीत, फक्त स्वतः राबून पोट भरणाऱ्याला सूट आहे. म्हणजे काउंटरला स्वतः बसत असाल तर बोलायला जागा आहे. चार शहरांत माणसं ठेवून गेम झोन चालवत असाल तर आयोगाची आशा धरू नका, वॉरंटीच्या कागदावर जे छापलंय तेच तुमचं, म्हणून खरेदीच्या वेळीच त्यात मॉडची ओळ लिहून घ्या.

सेकंडहँड मशीन घेतलं असेल तर यातलं वॉरंटीचं काही लागू नाही, तिथे वॉरंटी बहुतेक नसतेच. खुशाल सोल्डर मारा, फक्त फ्यूज आहे त्याच अँपिअरचा टाका.